एवढं म्हणजे केवढं?

मराठी विभागासाठी लेख दे म्हणून संपादक मंडळातल्या मैत्रिणीने मला मेसमध्ये गाठलं तेव्हा माझ्या तोंडात पोळीचा घास होता, त्यामुळे नाही म्हणता आलं नाही. खरं सांगते, मी कॉन्व्हेंटवाली. दहावीपर्यंत मराठी म्हणजे आठवड्यातून चार तास सोसायचा विषय. घरी मराठी बोलायचो, पण लिहायचं म्हटलं की ऱ्हस्व-दीर्घाची वाट. तेव्हा चुका दिसल्या तर पोटात घाला. (प्रूफं तपासणाऱ्या मॅडम, आधीच सॉरी!)

पण एक गोष्ट मला या भाषेची फार आवडते. इंग्रजीत ज्याला दोन शब्द लागतात, त्याला मराठीत एकच पुरतो. केवढं? आणि उत्तरही तयार : एवढं! एवढं म्हणताना हात पुढे येतो, दोन बोटांत अंतर धरलं जातं, आणि समोरच्याला कळतं. आजी तर बोटंही वापरायची नाही. खसखशीएवढं, मोहरीएवढं, ज्वारीच्या दाण्याएवढं, सुपारीएवढं, अशी तिची मोजपट्टी स्वयंपाकघरातच असायची. गंमत म्हणजे ती कधी चुकायची नाही.

चुकले मी. इंजिनियरिंगला असून. त्याचीच ही गोष्ट.

फर्स्ट इयरला मला फोटोग्राफीचं वेड लागलं. पैसे नव्हते, म्हणून मोबाईलला लावायची चिमट्याची मॅक्रो लेन्स घेतली. पावसाळ्यात रविवारी सकाळी सहा वाजता वेताळ टेकडीवर जायचं आणि गुडघ्यावर बसून मुंग्या, कोळी, फुलं, पानावरचे थेंब टिपायचे. रूममेट म्हणायची, "लोक टेकडीवरून पुणं बघतात, ही बया चिखल बघते!" पण त्या लेन्समधून दिसणारं जग म्हणजे वेगळीच दुनिया. उड्या मारणारा एक छोटासा कोळी असतो बघा, त्याचे समोरचे दोन टपोरे डोळे फोटोत असे आले की माझी मीच खूश!

तो फोटो मी कॉलेजच्या प्रदर्शनात लावला. बारा बाय अठरा इंचाची प्रिंट. येणारा प्रत्येकजण म्हणायचा, "बापरे, केवढा हा!" आणि मी फुगत होते. तेवढ्यात एक वयस्कर बाई आल्या. वनस्पतिशास्त्र शिकवून निवृत्त झालेल्या. त्यांनी चष्मा वर केला, फोटो नीट बघितला आणि विचारलं, "छान काढलायस गं. केवढा आहे हा?"

मी म्हटलं, "छोटा असतो, मॅडम."

"छोटा म्हणजे? चार मिलिमीटर की दहा?"

मला सांगता येईना. फोटोत एक पान, एक कोळी आणि मागे हिरवा धूसर रंग. पान कसलं तेही माहीत नाही. त्या हसून म्हणाल्या, "भिंतीवर लावायला उत्तम आहे. पण ओळखायला उपयोगाचा नाही. पुढच्या वेळी एक फोटो पट्टी ठेवून काढ." आणि पुढच्या चित्राकडे गेल्या. माझा पोपट! मनात म्हटलं, पट्टी ठेवली तर फोटोची शोभाच जाईल की. आणि विसरून गेले.

दुसरा इशारा एस.ई.ला मिळाला. मेटलर्जीच्या प्रॅक्टिकलला स्टीलचा तुकडा एमरी पेपरवर घासून घासून हाताची सालं निघाली, नायटलने एच केला, मायक्रोस्कोपखाली पर्लाइटचे सुंदर पट्टे दिसले. फोटो काढून जर्नलमध्ये चिकटवला आणि खाली झोकात लिहिलं, 'मॅग्निफिकेशन १०० एक्स'. सरांनी लाल पेनने काट मारली.

"हे १०० एक्स कुठून आलं?"

"सर, मायक्रोस्कोपवर होतं. दहाची ऑब्जेक्टिव्ह, दहाचा आयपीस."

"ते तुझ्या डोळ्याला. कागदावर फोटो किती मोठा छापलास त्याच्यावर नाही का ते ठरणार? आणि उद्या तुझी मैत्रीण या जर्नलची ए-फोरवरून ए-फाइव्ह झेरॉक्स काढेल..." (सरांना सगळं माहीत असतं!) "...म्हणजे सत्तर टक्के. मग तिच्या पानावर १०० एक्सचं काय झालं? ७० एक्स! पण लिहिलेलं तर १००च राहणार."

मग सरांनी फळ्यावर समजावलं. आकडा लिहू नका, रेघ काढा. स्टेज मायक्रोमीटर नावाची एक काचेची स्लाइड असते. तिच्यावर एक मिलिमीटरचे शंभर भाग कोरलेले असतात, म्हणजे एकेक भाग १० मायक्रॉनचा. आधी तिचा फोटो त्याच ऑब्जेक्टिव्हने काढायचा, किती पिक्सेलमध्ये किती मायक्रॉन बसतात ते काढायचं, आणि मग आपल्या फोटोवर तेवढ्या लांबीची रेघ ओढून लिहायचं, '१०० मायक्रॉन'. आता फोटो मोठा करा, लहान करा, झेरॉक्स काढा नाहीतर प्रोजेक्टरवर टाका. चित्राबरोबर रेघही तेवढीच वाढते नाहीतर कमी होते. रेघ खोटं बोलत नाही.

मला हे पटलं. जर्नल पुन्हा लिहिलं, सही मिळाली, हुश्श झालं. पण पटणं आणि अंगात मुरणं यात फरक असतो, नाही का?

आता मुख्य गोष्ट.

माझ्या मामाची सांगोल्याजवळ डाळिंबाची बाग आहे. भगवा जातीची सातशे झाडं. सोलापूर जिल्ह्यातला तो दुष्काळी तालुका, पाणी विकत घेऊन जगवलेली बाग. गेल्या सप्टेंबरात रात्री साडेदहाला मामाचा फोन आला. "पोरी, काही झाडं पिवळी पडाय लागल्यात. खोडाला भोकं दिसत्यात, भुस्सा पडतोय. फोटो पाठवलाय, बघ जरा. तुझ्या वळखीचं कोण असलं तर इचार." आमच्या घराण्यात मी एकटीच इंजिनियरिंगला, त्यामुळे टीव्ही बिघडण्यापासून खोडकिडीपर्यंत सगळं माझ्याकडे येतं.

फोटो उघडला. साल, साल आणि साल. मधे एक काळं भोक, त्याच्याखाली भुस्सा, आणि कडेला मामाचा जाडजूड अंगठा. नखात माती. मी काय करावं? फोटोग्राफर ना मी! मला तो अंगठा खुपला. क्रॉप केला. भोक बरोबर मधोमध आणलं, धूसर होतं ते शार्प केलं, काँट्रास्ट वाढवला. फोटो असा झाला की खोडाला विहीर पाडल्यासारखं वाटावं.

मैत्रिणीच्या ओळखीचे एक शेतीसल्ला देणारे गृहस्थ होते, त्यांना तो पाठवला. त्यांनी लगेच विचारलं, "भोक केवढं आहे?" अगदी रास्त प्रश्न. मामाला फोन करून विचारायला दोन मिनिटं लागली असती. पण अकरा वाजले होते, दुसऱ्या दिवशी सबमिशन, शीट अर्धी राहिलेली. मी माझ्याच फोटोकडे बघितलं आणि टाइप केलं, "एक सेंटिमीटर तरी असेल."

एक सेंटिमीटर तरी असेल! मीटर ब्रिजच्या प्रयोगात तिसऱ्या दशांशासाठी भांडणारी मी.

त्यांनी सांगितलं, मग तो मोठा खोडकिडा असणार. भोकातला भुस्सा तारेने काढा, पेट्रोलमध्ये बुडवलेला कापसाचा बोळा आत सारा आणि वरून चिखलाने लिंपा. मोठ्या खोडकिड्याला जुन्या काळापासून हाच उपाय करतात. मी मामाला कळवलं आणि शीट पूर्ण करायला बसले.

आठ दिवसांनी मामाचा फोन. आवाज दमलेला.

"आगं, त्या भोकात कापूस जाईना की! दाभणानं ढकलला तरी जाईना. मामी म्हणती, सुईचं टोक जाईल एवढं भोक, त्यात बोळा कसा घालायचा? म्या म्हटलं, पोरीनं इचारून सांगितलंय, तज्ज्ञ मानूस हाय, आपल्याला काय कळतंय..."

माझ्या पोटात गोळा आला. मूळ फोटो शोधला. कडेला तो अंगठा होताच. मामीला नख पट्टीने मोजायला सांगितलं. पंधरा मिलिमीटर रुंद. फोटोत नखाची रुंदी ६०० पिक्सेल. म्हणजे एका मिलिमीटरला ४० पिक्सेल. भोक ४८ पिक्सेलचं. अठ्ठेचाळीस भागिले चाळीस, एक पूर्णांक दोन दशांश मिलिमीटर. एक सेंटिमीटर कुठे आणि सव्वा मिलिमीटर कुठे! आठपट चूक. नख काही अंगाने भोकाच्या थोडं वर असतं, त्यामुळे हा हिशोबही काटेकोर नाही, पण असून असून दहा-पंधरा टक्क्यांचा फरक पडेल. आठपट नाही.

पूर्ण फोटो पाठवल्यावर त्या गृहस्थांनी एका वाक्यात सांगितलं, "हा पिन होल बोरर आहे, ताई. अंगठा आधी का नाही दाखवलात?"

हा पिन होल बोरर म्हणजे जेमतेम दोन-अडीच मिलिमीटरचा भुंगेरा. तो लाकूड खात नाही. खोडात बारीक बोगदे करतो आणि आत स्वतःबरोबर आणलेली बुरशी वाढवतो, तीच त्याचं आणि पिल्लांचं अन्न. शेतीच म्हणा ना! त्या बोगद्यांनी आणि बुरशीने झाडाचं पाणी वर जायचं बंद होतं, आणि उभं झाड वाळतं. एकेका खोडावर अशी कितीतरी भोकं. कापसाच्या बोळ्याचं इथे कामच नाही. खोडाला कीटकनाशक मिसळून गेरूचा लेप द्यायचा, बुंध्याशी औषधाची आळवणी करायची, वाळलेली झाडं काढून जाळायची. सोलापूरला २००५ पासून राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्र आहे, त्यांच्या शिफारशी बघून मामाने पुढचं सगळं केलं. बाग वाचली. पण अकरा झाडं उपटावी लागली.

त्या आठ दिवसांमुळेच ती गेली का? मामा म्हणाला, "आधीच गेल्याली असतील. तू मनाला लावून घेऊ नको." असेलही. पण मला ते मोजता आलेलं नाही, आणि येणारही नाही. दिवाळीत गेले तेव्हा त्या अकरा खड्ड्यांच्या कडेने चालताना मामी नेहमीसारखी हसून बोलत होती. मला मात्र मान वर करवत नव्हती. हे मी घरी कुणाला सांगितलं नव्हतं, इथे लिहितेय.

मग मी पट्टीचा विषय नीट घेतला. पुण्यात असून आजवर लक्ष गेलं नव्हतं, पण ही परंपरा तर इथे आपल्या शेजारीच आहे. आघारकर संशोधन संस्थेचं उदाहरण घ्या. १९४६ साली वनस्पतिशास्त्रज्ञ शं. पु. आघारकरांच्या पुढाकाराने सुरू झालेली ही संस्था गो. ग. आगरकर रस्त्यावर आहे. (आघारकर आणि आगरकर वेगळे, हे मला कालपरवा कळलं!) तिथे बुरशींचा राष्ट्रीय संग्रह आहे. बुरशीचा बीजाणू किती मायक्रॉन लांब, किती रुंद, यावर जात ठरते. तिथे 'एवढासा' म्हणून चालत नाही. पलीकडे येरवड्याला डेक्कन कॉलेज. त्यांनी १९६८ ते १९८३ या काळात शिरूर तालुक्यात घोड नदीकाठी इनामगावला उत्खनन केलं. पुरातत्त्वाचा साधा नियम असा की खड्ड्याचा असो की दगडाच्या इवल्याशा पात्याचा, फोटोत काळी-पांढरी पट्टी हवीच. कारण वस्तू एकदा जागेवरून हलली की तो क्षण परत येत नाही. मामाचं भोकही तसंच की. आज दिसतं, उद्या झाड जळणात.

आणि गुन्ह्याच्या तपासात तर एक खास पट्टी असते, इंग्रजी एल अक्षरासारखी काटकोनी. हायझर आणि क्राउस या दोघांनी १९८८ साली अमेरिकेत दातांच्या चाव्याच्या खुणांचे फोटो काढण्यासाठी ती मांडली. दोन बाजू कशाला? कारण कॅमेरा तिरका झाला तर एकाच दिशेचं माप आखडतं. तिच्यावर गोलही छापलेले असतात. फोटोत गोल अंडाकृती दिसला की समजावं, कॅमेरा तिरका होता. किती साधी आणि किती हुशार युक्ती!

एवढं वाचल्यावर मी रूममध्येच प्रयोग केले. जे कळलं ते तुमच्यासाठी लिहिते.

पट्टी आणि वस्तू एकाच पातळीत हव्यात. लेन्स दहा सेंटिमीटरवर असेल आणि पट्टी वस्तूपेक्षा एक सेंटिमीटर वर असेल, तर पट्टी अकरा टक्के मोठी दिसते आणि वस्तूचं माप दहा टक्के कमी येतं. लांबच्या फोटोत हे जाणवत नाही, मॅक्रोत मात्र घात करतं. शिवाय मॅक्रोत जेमतेम मिलिमीटरभर खोलीच फोकसमध्ये असते, त्यामुळे पट्टी वर-खाली असेल तर धूसरही होते. तेव्हा खाली कागदाची घडी ठेवा नाहीतर मातीचा गोळा, पण पातळी जुळवा.

कॅमेरा सरळ वरून धरा. तीस अंश तिरका झाला तर त्या दिशेचं माप तेरा टक्के आखडतं. हा आपला कॉस थीटा, परीक्षेनंतरही कामाला येतो!

ग्राफ पेपर उत्तम, पण विकतचाच. झेरॉक्स किंवा प्रिंट काढलेला ग्राफ 'फिट टू पेज'मुळे थोडा लहान होतो. वर्कशॉपच्या स्टील रूलने एकदा पडताळून घ्या.

नाणं ठेवू नका! मामाने नंतर हौसेने रुपया ठेवून फोटो पाठवला. मी विचारलं, मामा, कोणता रुपया? कारण १९९२ पासूनचा स्टीलचा रुपया २५ मिलिमीटरचा, २०११ च्या मालिकेतला २२ चा आणि २०१९ चा २० चा. तिन्ही एकाच खिशात सापडतात. ठेवायचंच असेल तर निदान साल दिसू द्या.

आणि फोटोवर नंतर रेघ काढायची असेल तर मोबाईलच्या पिक्सेलवर भरवसा नको. व्हॉट्सॲपवर पाठवताना फोटो आकसतो, पिक्सेल बदलतात. म्हणून पट्टी त्याच फोटोत हवी. आधी पट्टीसकट एक फोटो, मग शोभेसाठी तिच्याशिवाय एक. दोन्ही जपायचे.

हॉस्टेलमध्ये हे रोज लागतं, बघा. अंगावर आलेल्या फोडाचा फोटो घरच्या डॉक्टरांना पाठवताना शेजारी पट्टी ठेवा. तो चार दिवसांत वाढला की कमी झाला, तेव्हाच कळेल. रूमच्या भिंतीला चीर गेली म्हणून रेक्टरना फोटो पाठवताना ठेवा. सायकलचा तुटलेला स्क्रू दुकानदाराला पाठवताना ठेवा. नाहीतर तो विचारणारच, "केवढा?" आणि तुम्ही फोनवर दोन बोटं धरून म्हणाल, "एवढा!"

मी मामासाठी व्हिजिटिंग कार्डाएवढी एक काटकोनी पट्टी बनवली. दोन्ही बाजूंना मिलिमीटरच्या खुणा, कोपऱ्यात एक गोल, वरून लॅमिनेशन. स्टील रूलने तीनदा तपासली. मामा ती शर्टाच्या खिशात, चष्म्याच्या मागे ठेवतो. गावातले दोघं-तिघं मागून नेतात म्हणे.

गेल्या आठवड्यात त्याचा नवा फोटो आला. एका पानावर एक ठिपका. खाली पट्टी, बरोबर पातळीत, गोल अगदी गोल. आणि कडेला पट्टी धरलेला तोच जाडजूड अंगठा, नखात मातीसकट. खाली मेसेज : "हे काय हाय? दोन मिलिमीटर."

कंपोझिशनच्या दृष्टीने फोटोचे बारा वाजले होते. पण मी तो जसाच्या तसा पुढे पाठवला. क्रॉप केला नाही.